शेपूट आधी बघा

"शेपूट आधी बघा!" असं म्हणत सर फळ्यावरच्या शब्दाच्या शेवटच्या अक्षरांखाली जोरात रेघ ओढायचे. खडू हमखास मोडायचा.

असे एखादे सर तुम्हीही पाहिले असतील. आमचे सर सांगलीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत. झाडांची नावं नुसती घोकलेली त्यांना खपत नसत, म्हणून लॅटिन व्याकरणही शिकवायचे. त्यातही जीव धातुसाधित विशेषणांवर. 'स्क्रिबेन्स' म्हणजे लिहीत असलेला, 'स्क्रिप्टुस' म्हणजे लिहिलेला, 'स्क्रिप्टुरुस' म्हणजे लिहिणार असलेला.

"धातू एकच. काम चाललंय, झालंय की व्हायचंय, ते शेपूट सांगतं."

कुणी चुकलं की म्हणायचे, "मेलेल्याला मरणारा केलास की रं! त्याच्या घरचे पेढे वाटतील."

पुढं मी त्याच कॉलेजात नोकरीला लागले आणि त्यांच्या शेजारी राहायला आले. निवृत्तीनंतर सरांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणंही तुटलं. शब्द अर्धाच बाहेर यायचा. चहा हवा असला तरी "चहा... पि...", पिऊन झाला तरी "चहा... पि...". त्यांच्या बायकोला, आमच्या बाईंना, मात्र सगळं कळायचं.

एका ढगाळ सकाळी बाई न्हाणीघरात पडल्या. सर पाय ओढत रस्त्यावर आले. समोरून दूधवाले आण्णा येत होते.

"बाई... पड... पड..."

आण्णांनी आभाळाकडं पाहिलं. "व्हय सर, आज पडंल की! बाईंस्नी सांगा, कापडं आत घ्या."

सरांनी डाव्या हातानं त्यांचा सदरा ओढला.

"आवं, आलोच. पुढची दोन घरं घालून येतो."

मग सर माझं दार बडवायला लागले. मी उघडलं, त्यांचा चेहरा पाहिला आणि त्यांच्या घरात धावले. बाईंच्या डोक्यातून रक्त वाहत होतं. दवाखान्यात पोचायच्या आधीच त्या गेल्या.

स्मशानात आण्णा सरांच्या पायाशी बसले. "मला कळलं न्हाई ओ, सर." दुसऱ्या दिवसापासून ते आमच्या गल्लीत यायचे बंद झाले.

सर मग स्वतःच पातेली घेऊन त्यांच्या गोठ्यावर जाऊ लागले. गेल्या वर्षी वारले, तोवर जात होते. पहिल्या दिवशी मी सोबत होते. आण्णांची मान वर होईना. मापाचा हात असा कापत होता की दूध शेणात सांडलं. सरांनी पातेली खाली ठेवली आणि आपल्या एकाच धड हातानं तो हात धरला. कापरं थांबेपर्यंत नुसते धरून उभे राहिले.