पट्टीवाल्या दादांचे दोन पत्ते

दादांच्या खिशात पांढऱ्या चिकटपट्टीचं रीळ आणि काळा मार्कर कायम असायचा. वस्तू दिसली की तिच्यावर पट्टी लागलीच म्हणून समजा. वायरीच्या दोन्ही टोकांना पट्टी, भिंतीवरच्या पेटीला पट्टी, पेटीच्या किल्लीलाही पट्टी. एकदा मी चहाचं आधण ठेवून फरशी पुसायला गेले. परत येते तर माझ्या चहाच्या खोलीतल्या सगळ्या डब्यांवर नावं. चहा. साखर. मीठ. त्या शेवटच्या डब्यात मीठ नव्हतं, खायचा सोडा होता. मला सांगायचं होतं, पण धीर झाला नाही. दुपारी ऑफिसातल्या साहेबांनी त्यातला चमचाभर ताकात घातला आणि ताक पेल्यातून फसफसून टेबलावर आलं. दादा पोट धरून हसले. मग मला म्हणाले, "ताई, तुम्हाला ठाव होतं न्हवं? मग बोलायचं की!"

बोलणंच तर माझं अवघड होतं. माझी शाळा चौथीत सुटली. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत आमचा ओतकामाचा कारखाना आहे. लोखंड वितळवून पंपाचे भाग काढतात. तिथल्या ऑफिसात मी झाडलोट आणि चहापाणी बघते. माणसं शिकलेली, आवाज मोठे. आपण काही बोललो आणि ते चुकलं तर, म्हणून मी गप्पच राहायची. सगळे मला मावशी म्हणत. माझं नाव कुणाला माहीत नव्हतं, आणि मला त्याचं काही वाटतही नव्हतं.

दादा आमच्या कारखान्याचे नव्हते. कोल्हापुरातल्या एका कॉम्प्युटरच्या दुकानाकडून ते इंटरनेटच्या कामाला यायचे. गाव पेठ वडगाव. उंच, किडकिडीत, चष्मा दोऱ्याने गळ्यात अडकवलेला. आल्या आल्या पहिला प्रश्न एकच, "आधी नाव सांगा, मग काम सांगा." वॉचमन असो की मालक, दादांना नाव लागायचंच. मलाही त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं. मी खाली बघून सांगितलं, "शालन." तेव्हापासून ते मला शालनताई म्हणायचे. सबंध कारखान्यात ते एकटेच.

त्यांचा दुसरा नेम जेवणाचा. दादा जैन. दिवस मावळायच्या आत जेवण झालंच पाहिजे, मावळला की पाण्यावर. त्यामुळे पाच वाजले की ते बॅग आवरायचे आणि मोटरसायकल काढून वडगावची वाट धरायचे. मालक ओरडायचे, "काय पावणं, सूर्याची आन् तुमची शर्यत हाय का?" दादा हेल्मेट घालत म्हणायचे, "व्हय मालक. आजवर हरलो न्हाई." ते चहात आलं घेत नसत, म्हणून त्यांचा चहा मी वेगळा करायची. त्यावर मात्र त्यांनी कधी पट्टी लावली नाही. म्हणायचे, "हा चहा नाव न सांगता वळखू येतोय."

एका वर्षी दिवाळी झाल्यावर मालकांनी त्यांना मोठ्या कामाला बोलावलं. पुण्याची एक कंपनी आमच्याकडून माल घेणार होती. त्यांची अट अशी की प्रत्येक मालाच्या तपासणीचे कागद त्यांना पुण्यात बसल्या बसल्या बघता आले पाहिजेत. ते कागद आमच्या ऑफिसातल्या कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरमध्ये असायचे. बाहेरून माणूस थेट त्याच कॉम्प्युटरपर्यंत पोचायला हवा, दुसरीकडे कुठे नाही.

दादा भिंतीवरची पेटी उघडून आतल्या राउटरशी खटपट करत होते. मी चहा ठेवला आणि तिथेच घुटमळले. त्यांनी मान वर न करता विचारलं, "बघायचंय? या की. चावत न्हाई ते."

मग त्यांनी समजावलं. "हे बघा शालनताई. पुण्यातल्या माणसाला आपल्या कारखान्याचा बाहेरचा पत्ता ठाव हाय. आत कोण कुठं बसतंय, ते त्याला काय म्हाईत? तो गेटवर येणार. गेटवर कोण?"

"वॉचमन," मी म्हणाले.

"बास! हा राउटर म्हंजे वॉचमन. मी त्याला सांगून ठेवतोय, ह्या बाहेरच्या पत्त्यावर जो येईल त्याला सरळ आतल्या दहा नंबरकडं पाठव. दहा नंबर म्हंजे तो कोपऱ्यातला कॉम्प्युटर. बाहेर एक, आत एक. जोडी पक्की. हिला स्टॅटिक नॅट म्हणत्यात. नाव इंग्रजी, काम वॉचमनचं."

त्यांनी दोन्ही पत्ते पट्टीवर लिहून पेटीच्या दाराला आतून चिकटवले. मोबाईलवरून बाहेरचा पत्ता उघडला, तर कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरमधले कागद मोबाईलवर आले. मला एवढा आनंद झाला की मी टाळी वाजवली आणि लगेच लाजले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्याहून फोन, काहीच उघडत नाही. दादा आले, दुपारपर्यंत खपले, चालू करून पाच वाजता गेले. तिसऱ्या दिवशी पुन्हा बंद. मालकांचा आवाज पार भट्टीपर्यंत ऐकू गेला. "पावणं, तुमी घरला गेला की हे बी घरला जातंय व्हय?" दादा हसले नाहीत. त्यांनी पेटीतल्या सगळ्या वायरी काढून पुन्हा लावल्या, सगळ्या पट्ट्या नव्याने लिहिल्या. दुपारी पुन्हा चालू.

त्या दिवशी साडेचारला त्यांना दुकानातून फोन आला. ते चहाच्या खोलीच्या दारात उभे होते, म्हणून मला सगळं ऐकू आलं. पलीकडचे साहेब मोठ्यानेच बोलत होते. "उद्या सकाळी दहाला पुण्याचे लोक शेवटचं बघणार आहेत. उद्या उघडलं नाही तर परवापासून तुम्ही दुकानातच बसा, बाहेरच्या कामाला दुसरा माणूस पाठवतो." दादांनी "बरं" म्हणून फोन खिशात ठेवला. वीस वर्षं गावोगाव फिरून पट्ट्या लावणारा हा माणूस. एका जागी बसवला तर त्याचं काय होणार, ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

ते पाचला गेले नाहीत. मला म्हणाले, "आज हितंच जेवतो ताई. डबा आणलाय." स्टुलावर बसून त्यांनी डबा उघडला. भाकरीचा तुकडा मोडला आणि हातातच धरून बसले. दारातून नुसतं पेटीकडे बघत होते.

साडेपाचला ऑफिस सुटलं. मी कप विसळले, खिडक्या लावल्या आणि रोजच्यासारखी मेन स्विचपाशी गेले. आमच्या ऑफिसात मागे एकदा शॉर्टसर्किट होऊन पडदे जळाले होते. तेव्हा मालकांनी मला बजावलं होतं, "मावशी, जाताना ऑफिसची मेन खाली वडायची. यक दिवस बी इसरायचं न्हाई." भट्टीची लाईन वेगळी, तिला काही होत नाही. तेव्हापासून मी कधी विसरले नव्हते.

हात स्विचवर गेला आणि तिथेच थांबला. एक विचार माझ्या मनात दोन दिवस येत होता. दादा असताना चालतंय, दादा गेल्यावर बंद पडतंय. दादा गेल्यावर इथे हात लावणारी मी एकटीच. पण मला वाटायचं, राउटर काय, कॉम्प्युटर काय, आपल्याला त्यातलं काय कळतं? आणि खरंच माझ्यामुळे होत असलं तर? मालक काय म्हणतील? दोन दिवस मी हाच विचार करून गप्प होते. मागे सोड्याच्या डब्याचं गप्प राहिले, तेव्हा नुसतं ताक सांडलं होतं. आज दादांचं काम जाणार होतं.

"दादा," मी म्हणाले. हात स्विचवरून काढला. पुन्हा म्हणाले, "दादा, मी रोज जाताना हे खाली ओढते."

"काय?"

"मेन. सगळ्या ऑफिसची. सकाळी आल्यावर वर करते."

मला वाटलं, आता दादा ओरडणार. त्यांनी भाकरी डब्यात ठेवली आणि उठले. "राउटर बंद, कॉम्प्युटर बंद, सगळंच बंद?"

"व्हय."

"ओढा. आत्ता ओढा."

मी ओढली. अंधारलं. "आता वर." वर केली. पेटीत दिवे लुकलुकले. दादांनी आपला लॅपटॉप उघडून काहीतरी बघितलं आणि असे हसायला लागले की गेटवरचा वॉचमन धावत आला.

"शालनताई! दहा नंबरवर कोण बसलंय ठाव हाय का? अंगठ्याचं मशीन! हजेरीचं! पुण्याची माणसं रोज सकाळी अंगठ्याच्या मशीनचं दार वाजवत्यात, आन् ते बिचारं काय उघडणार?"

घडत होतं ते दादांनी असं सांगितलं. लाईट आली की आतल्या प्रत्येक यंत्राला राउटरच नंबर वाटून द्यायचा. जो आधी जागा होईल त्याला आधीचा. दुपारी दादा वायरी काढून पुन्हा लावायचे, तेव्हा योगायोगाने दहा नंबर कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरला परत मिळायचा. हे ऐकून माझ्या तोंडून निघून गेलं, "म्हंजे दूध डेअरीच्या रांगेगत. आमची किटली रोज एकाच जागी नसतीया."

"अगदी बरोबर!" दादांनी मांडीवर थाप मारली. "मी वॉचमनला पक्कं सांगितलं दहा नंबरकडं पाठव म्हणून. पण दहा नंबरच्या खोलीत रोज कोण ऱ्हातंय, ते पक्कं केलंच न्हाई. मला वाटलं, कारखाना कशाला बंद हुतोय? सगळ्यांला नाव विचारतो मी, पण बंद कोण करतंय ते विचारलं न्हाई."

ते कॉम्प्युटरकडे वळले. मी खिडकीतून बाहेर बघितलं. ऊन पलीकडच्या कारखान्याच्या पत्र्यावर चढलं होतं. "दादा, आधी जेवा," मी म्हणाले. "दिवस अजून हाय."

माझ्या आयुष्यात मी परक्या माणसाला दिलेला तो पहिला हुकूम. त्यांनी ऐकला. उभ्या उभ्या भाकरी खाल्ली, वर तांब्याभर पाणी प्याले, आणि शेवटचा घोट घेऊन म्हणाले, "आजबी न्हाई हरलो." मग कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरमध्येच त्यांनी दहा नंबर कायमचा लिहून टाकला आणि तो नंबर दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही असं राउटरला बजावलं. त्यानंतर तीनदा माझ्याकडून मेन खालीवर करून घेतली. तिन्ही वेळा मोबाईलवर कागद उघडले. चौथ्यांदा मी आपणहूनच केली. मजा वाटली म्हणून.

दुसऱ्या दिवशी दहाला पुण्याहून फोन आला. सगळं उघडतंय. मालकांनी पेढे मागवले. कारण कळल्यावर माझ्याकडे वळले, "आगं मावशी, तू बंद करत हुतीस व्हय!" दादा मध्येच म्हणाले, "मालक, त्यांचं काम चोख हुतं. माझं अर्धं ऱ्हायलं हुतं. त्यांनीच शोधून काढलं." मालक पेढ्यांचा खोका माझ्या हातात देऊन म्हणाले, "मग पयला तुमी घ्या." मावशीला त्यांनी तुम्ही म्हटलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

त्या दिवशी जाताना दादांनी मेन स्विचच्या वर पट्टी लावली. इतकी लांब पट्टी त्यांनी आधी कधी लावली नव्हती. "ऑफिस मेन. रोज संध्याकाळी शालनताई बंद करतात. काही अडलं तर त्यांना विचारा." मी लाजून पदर तोंडाला लावला. दोन दिवस त्या भिंतीकडे बघितलं नाही. मग रोज फडक्याने हळूच पुसू लागले.

पुढे दोन वर्षं ते येत राहिले. आले की पेटी मला उघडायला लावायचे. कुठला दिवा हिरवा हवा, कुठला लुकलुकायला हवा, ते मी शिकले. मग एक दिवस त्यांनी सांगितलं की बेळगावला सासुरवाडीकडे स्वतःचं दुकान काढतोय. मी बिनआल्याचा चहा केला. त्यांनी तो नेहमीपेक्षा सावकाश प्याला. निघताना खिशातून रीळ आणि मार्कर काढून माझ्या कट्ट्यावर ठेवले. "असू द्यात तुमच्यापाशी. मी नवीन घेतो. त्या सोड्याच्या डब्याचं तेवढं बघा." दारात वळून घड्याळ बघितलं आणि हेल्मेट घातलं. साडेचारच वाजले होते. बेळगाव लांब होतं.

सोड्याच्या डब्यावर आता माझ्या अक्षरात सोडा लिहिलं आहे. अक्षर जरा वाकडं आहे, पण वाचता येतं.

गेल्या महिन्यात दुकानातून नवीन माणूस आला. त्याने पेटी बघितली, मेन स्विचवरची पट्टी वाचली आणि भरल्या ऑफिसात मोठ्याने विचारलं, "हितं शालनताई कोण हायत?"

मी कपबशा खाली ठेवल्या. सगळी माणसं माझ्याकडे बघत होती.

"मी," मी म्हणाले. "पण आधी तुमचं नाव सांगा."