शून्य नाही, रिकामं

“मेघना समीरला सोडून चाललीये, आणि...”

एवढंच ऐकू आलं. ऋचा फोनवर बोलत माझ्या बेसमेंटच्या पायऱ्या उतरत होती. मला पाहिलं आणि “नंतर बोलते” म्हणून फोन ठेवला. किस्से साठतात ते अशा अर्ध्या वाक्यांमुळेच. उरलेलं अर्धं कळेपर्यंत माणूस कान उघडे ठेवतो.

त्यातून इथे न्यू जर्सीत दर शनिवारी क्लास माझ्याच बेसमेंटमध्ये. ऋचा कंपनीत डेटाचं काम करते आणि घरी बसलेल्या आम्हा चौघीजणींना त्याचं सॉफ्टवेअर फुकट शिकवते. जागा माझी, चहा माझा. मेघना शेजारची, समीर तिचा नवरा. मुलगी ईशा झाली तेव्हा तिची नोकरी सुटली. आता वर्क परमिट आलंय, तिला परत कामाला लागायचंय.

पहिल्या दिवशी प्रॅक्टिसला आमच्याच पॉटलकचा, म्हणजे प्रत्येकीनं एकेक पदार्थ आणलेल्या जेवणाचा, डेटा घेतला. स्क्रीनवर सगळ्यात उंच खांब माझ्या शेवयांच्या खिरीचा! मी सगळ्यांना दाखवत सुटले. ऋचा हळूच म्हणाली, “काकू, हा किती उरलं त्याचा चार्ट आहे.”

एकदा ग्राहकांची यादी साफ करायची होती. पत्ता एक, फोन एक, म्हणून मेघनानं एका जोडप्यातलं एक नाव उडवलं. ऋचा म्हणाली, “एका घरात राहतात म्हणून दोन माणसांचं एक होत नाही गं.”

मेघना म्हणाली, “हे समीरला ऐकवायला हवं.”

माझ्या मनात ते अर्धं वाक्य पुन्हा वळवळलं.

नंतर तिनं रिकाम्या चौकटींत शून्यं भरली. ऋचानं थांबवलं. शून्य म्हणजे काही झालंच नाही. रिकामं म्हणजे झालं असेल, पण कुणी नोंदवलं नाही. मेघनानं ती शून्यं एकेक करून पुसली.

तिचा इंटरव्ह्यूही माझ्याच बेसमेंटमधून झाला, तिच्या घरी ईशाचा गोंधळ म्हणून. मी कपड्यांची बास्केट घेऊन पायरीवर उभी. इंग्लिश मला बेताचंच, पण मधल्या वर्षांबद्दल विचारलं ते कळलं. आणि तिचं उत्तरही कळलं: ती वर्षं शून्य नाहीत, रिकामी आहेत. काम होतं, नोंद नव्हती.

पलीकडून लगेच पुढचा प्रश्न आला. माझ्या हातात बास्केट तशीच.

नोकरी मिळाली. पण इथे न्यू जर्सीत नाही, तिकडे मिनेसोटात.

निघायच्या दिवशी मी चिवड्याचा डबा घेऊन गेले. टॅक्सी दारात. राहवेना, समीरलाच विचारलं, “ही तुला सोडून चालली म्हणे?”

“हो काकू. ईशाच्या शाळेचं वर्ष संपेपर्यंत. मग आम्ही दोघं तिच्या मागे.”

एवढं बोलून त्यानं टॅक्सीत ठेवलेल्या बॅगेतून कुकर काढून घेतला. “हा इथेच राहू दे. आता स्वयंपाकाचा क्लास माझा.”

मेघना काच खाली करून म्हणाली, “काकू, याचा पहिला भात कसा झाला ते मला कळवा हं.”

समीर कुकर पोटाशी धरून म्हणाला, “नका कळवू काकू. रिकामं ठेवा.”