सासूबाईंचा गोल्फचा क्लास

गोल्फ मी आयुष्यात कधी खेळले नाही, फक्त शिकवला.

धोंड्याच्या महिन्यात जावयांना नांदुऱ्याला जेवायला बोलावलं, तर ते पुण्याहून गोल्फची काठी घेऊनच आले! रविवारी त्यांना साहेबांसोबत पहिल्यांदा खेळायचं होतं. खेळ जमला तर साहेब नव्या कामावर घेणार, नाहीतर दुसऱ्या कुणाला.

घरामागच्या रिकाम्या वावरात सराव सुरू झाला. काठी सावकाश मागे, सावकाश पुढे, तोंडाने "एक... दोन... तीन." (चेंडू पार वावराच्या धुऱ्यापलीकडे, बांधाबाहेर जात होता; पण माझं लक्ष होतं हातांकडे!)

"जावईबापू, अशानं तं माशीबी मरत नाही! हात जोरात चालवा."

"आई, हातांनी घाई केली तर काठी वर असतानाच वेग संपतो. लय सांभाळली की काठीचं डोकं चेंडूपाशी आपोआप जोरात येतं."

आपोआप! आमच्याकडे आपोआप फक्त लाईट जाते. मी पदर खोचला, काठी घेतली आणि तूर झोडपतात तशी हाणली. मातीचं ढेकूळ उडालं ते थेट ह्यांच्या चहात. चेंडू जागचा हललासुद्धा नव्हता!

"काय करून राह्यली तू?" हे ओरडले.

"तुम्ही चहा प्या!"

"कसा पिऊ? अर्धं वावर हाये त्यात!"

पण ताटभर पुरणाचे धोंडे खाऊन बसलेला जावई सासूला नाही कसं म्हणणार? बिचारे "हो आई, हो आई" करत राहिले. "हाणा! अजून जोरात! तुरीवर राग काढा!" मी काही सोडलं नाही. निघेपर्यंत त्यांचं एक-दोन-तीन बंद झालं होतं, नुसतंच "हुं!" निघायचं.

रविवारी फोन आला. मी स्पीकर लावला.

"उडाला का चेंडू?"

"नाही आई. काठी उडाली."

"कुठं?"

"तळ्यात."

"अगं माय! साहेब काय म्हणाले?"

"विचारलं, हे कुठं शिकलात? मी म्हटलं, सासरी."

"मग कामाचं?"

"आणखी एक रविवार दिलाय. अट एकच, तोवर सासुरवाडीला जायचं नाही."

मी काही बोलायच्या आत ह्यांनी फोनजवळ तोंड नेलं. "सायबाले सांगा, बिनघोर राहा. मी हिलेबी तिकडे येऊ देत नाही!"