मैंदर्गीचं वेल्डिंग मशीन

मल्लिनाथने मशीन एका हाताने उचललं आणि त्याचा चेहरा पडला.

"सर, ह्यात माल हाय का न्हाय? रिकामा डबा वाटतोय."

आम्ही सोलापुरात, माझ्या ओळखीच्या मशिनरीच्या दुकानात उभे होतो. मालक श्रीनिवासशेठ काउंटरमागे चहा पीत होते. त्यांनी उत्तर दिलं नाही, कारण हा प्रश्न त्यांना रोज ऐकावा लागतो. आमच्याकडे मिक्सर असो, पंखा असो की वेल्डिंग मशीन, गिऱ्हाईक आधी उचलून बघतं. जड लागलं तर चांगलं, हलकं लागलं तर फसवणूक.

मी आयटीआयमध्ये एकतीस वर्षं वेल्डिंग शिकवलं. आता निवृत्त आहे. निवृत्त माणसाकडे सल्ला फुकट मिळतो आणि मागितला त्यापेक्षा थोडा जास्तच मिळतो. मल्लिनाथ माझा जुना विद्यार्थी. कोर्स पुरा करून तो मैंदर्गीला वडिलांच्या किराणा दुकानात बसला, तो आजतागायत तिथंच. त्याची बायको गंगव्वा कडक भाकरी आणि शेंगाचटणी करून अक्कलकोटच्या दुकानांत पोचवते. हाताखाली आठ बायका आहेत. सगळा माल एका जुन्या छोट्या व्हॅनमधून जातो, आणि आम्ही दुकानात उभे होतो ते त्या व्हॅनमुळे.

व्हॅनचा तळ कुजला होता. अन्नाची गाडी म्हणून गंगव्वा ती रोज धुवायची. पाणी मॅटखाली साचायचं आणि पत्रा आतून खायचं. मॅट उचलली की दोन ठिकाणी सरळ रस्ता दिसत होता. दहा दिवसांवर गाडीची फिटनेस तपासणी आली होती. म्हणजे इन्स्पेक्टर गाडी बघणार आणि ती रस्त्यावर चालवण्याच्या लायकीची आहे की नाही ते सांगणार. नाही म्हणाला तर गाडी उभी, आणि आठ बायकांच्या भाकरी घरात.

गॅरेजवाल्याने याआधी दोनदा ठिगळ लावलं होतं. दोन्ही वेळा गाडी आठवडाभर अडकवून ठेवली आणि दोन्ही ठिगळं पावसाळ्यापर्यंत निघाली. त्यामुळे मल्लिनाथने ठरवलं की परवडेल असं मशीन घ्यायचं आणि घरीच काम करायचं.

"हात बसलेला हाय की सर. तुमीच बसवलाय."

मला त्याचा हात आठवत होता. मी विषय बदलला.

श्रीनिवासशेठनी चहा संपवून पहिलं मशीन दाखवलं. त्यावर चारशे अँपियर असं मोठ्या अक्षरात लिहिलं होतं. मल्लिनाथला ते आवडलं, कारण ते आम्हा दोघांना मिळूनही हललं नाही.

"घरी फेज किती?" मी विचारलं.

"सिंगल. दळणाच्या गिरणीला थ्री फेज हाय, पर ती शेजाऱ्याची."

"मग हे मशीन शेजाऱ्याला चालेल."

सामान्य वाचकांसाठी एवढंच सांगतो. मोठं मशीन जास्त वीज ओढतं. घरात सिंगल फेजचा पंधरा अँपियरचा प्लग असेल तर त्या प्लगला झेपेल तेच मशीन घ्यावं. उसाच्या गाड्याला शेळी जुंपून काही होत नाही, शेळी तेवढी मरते.

दुसरं मशीन होतं रॉडचं, छोटं आणि स्वस्त. गेट, ग्रिल, नांगर यांना उत्तम. पण गाडीचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटर असतो, त्यातून गंजून अर्धा उरलेला. रॉडने तो जोडता येतो, पण हात पक्का लागतो. कच्च्या हाताने एक भोक बुजवायला गेलं की शेजारी दोन पडतात. मल्लिनाथच्या हाताबद्दल मी अजूनही काही बोललो नाही, फक्त तिसऱ्या मशीनकडे वळलो.

ते तारेचं होतं. याला मिग म्हणतात. बटण दाबलं की बारीक तार आपोआप पुढे येते आणि वितळते. तारेच्या आत पावडर भरलेली असली तर गॅसचा सिलिंडरही लागत नाही. करंट कमी ठेवता येतो, पातळ पत्र्याला तेच हवं. हेच ते मशीन, जे मल्लिनाथने एका हाताने उचललं होतं.

"ह्ये सलग किती येळ चालतं?" त्याने विचारलं.

विद्यार्थ्याने बरोबर प्रश्न विचारला की अजूनही बरं वाटतं. मी त्याला मागची पाटी वाचून दाखवली. कुठल्या करंटला दहा मिनिटांतली किती मिनिटं मशीन चालवायचं, ते तिथे लिहिलेलं असतं. याला ड्यूटी सायकल म्हणतात. पुढच्या बाजूचा मोठा आकडा जाहिरातीसाठी असतो, मागचा बारीक आकडा कामासाठी.

"म्हंजे चार मिनटं काम, सहा मिनटं आराम."

"बरोबर."

"सरकारी मशीन हाय की मग."

शेठ पहिल्यांदा हसले. मशीन घेतलं. सोबत तार, डोळ्यांसाठी काळ्या काचेचं हेल्मेट, चामड्याचे हातमोजे. निघताना मी श्रीनिवासशेठना म्हणालो, "याला म्हणतात निवड. लोक घाई करतात." असं बोलू नये.

सोमवारी मी बसने मैंदर्गीला गेलो. शंकराचा वार म्हणून गंगव्वाने मुहूर्त त्याच दिवशीचा धरला होता. शेडमध्ये मशीन पाटावर बसवलं होतं. पुढच्या बाजूला विभूतीचे तीन पट्टे, वर कुंकू, आणि टॉर्चच्या, म्हणजे जिच्यातून तार बाहेर येते त्या मुठीच्या, केबलला झेंडूचा हार. आठही बायका भाकरी थांबवून आल्या होत्या.

"सर, नारळ तुमीच फोडा री," गंगव्वा म्हणाली. "तुमी ह्यांचे गुरू."

आता मला थोडं मागे जावं लागेल. दर खंडेनवमीला आयटीआयच्या शॉपमधला नारळ मीच फोडायचो. खिडकीजवळ एक मोठं जुनं मशीन होतं, जाड लोखंडी पेटीचं. त्याचा डावा कोपरा नारळासाठी ठरलेला. तिथला रंग उडाला होता आणि पोचाही पडला होता. त्या मशीनने माझे एकतीस नारळ पचवले आणि कधी कुरकुर केली नाही. माझ्या हाताला तेवढीच एक जागा माहीत होती, मशीनचा डावा कोपरा.

मी नारळ घेतला आणि हात नेहमीच्या जागी गेला. एका फटक्यात दोन भकलं झाली. पाणी भरपूर निघालं.

"शुभ हाय," गंगव्वा म्हणाली.

नव्या मशीनला हवा खेळण्यासाठी वरून आणि बाजूने फटी असतात. ही गोष्ट मी वर्गात शिकवलेली आहे. फळ्यावर चित्र काढून.

मल्लिनाथने प्लग लावला आणि बटण दाबलं. फट् असा आवाज आला, घराची वीज गेली आणि मशीनमधून थोडा धूर निघाला. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"व्होल्टेज," मी म्हणालो.

सगळ्यांनी माना हलवल्या. खेड्यात व्होल्टेजवर ढकललेली गोष्ट कुणी परत मागत नाही. गंगव्वाने लाइनीला शिव्या दिल्या आणि बायका भाकरीकडे गेल्या. पण मला वास आला होता. जळलेल्या कार्डाचा, म्हणजे मशीनच्या आतल्या सर्किटच्या पाटीचा, वास मला चांगला ओळखीचा आहे. त्यात खोबऱ्याचा वास नसतो. मला कळलं होतं आणि मी गप्प बसलो. याची अजून लाज वाटते.

मंगळवारी मशीन घेऊन आम्ही पुन्हा सोलापुरात. श्रीनिवासशेठनी चार स्क्रू काढले, वरचं कव्हर उचललं आणि चष्मा लावला. कार्ड एका कोपऱ्यात काळं झालं होतं. सगळं चिकट होतं. पंख्याच्या पात्यात एक झेंडूची पाकळी अडकली होती. शेठनी ती चिमट्याने काढली आणि काउंटरवर माझ्यासमोर ठेवली.

"सर, व्होल्टेज कमी झालं की झेंडू आत जातो का?"

मी पाकळीकडे बघत राहिलो. तेवढ्यात मल्लिनाथ पुढे झाला.

"नारळ मी फोडला शेठ. मशीनवरच फोडला. सर नको म्हनत हुते."

मी नको म्हणालो नव्हतो. एकतीस वर्षांत शेकडो पोरांनी स्वतःच्या चुका माझ्यापासून लपवल्या. माझी चूक लपवणारा हा पहिलाच. त्याची गाडी सहा दिवसांनी तपासणीला जायची होती, मशीन मेलं होतं, आणि तो माझी अब्रू सांभाळत होता.  मी त्याचा दंड धरून त्याला मागे घेतलं.

"नारळ मी फोडला," मी म्हणालो. "मशीन मीच निवडलं आणि मीच मारलं. काल वासावरून कळलं होतं, तरी बोललो नाही."

शेठनी पाकळी उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकली. "वॉरंटीत बसणार नाही."

"माहीत आहे. नवं कार्ड माझ्याकडून."

"कार्ड पुण्याहून येतं. दहा दिवस लागतील."

 मल्लिनाथ दुकानाबाहेर बघत होता. मग शेठ उठले आणि शोकेसमधलं तसलंच मशीन काढून काउंटरवर ठेवलं.

"हे काम होईपर्यंत न्या. पण लिहून द्यायचं."

मी दुकानाच्या कोऱ्या बिलावर लिहून दिलं: मी, निवृत्त शिल्प निदेशक, हे मशीन माझ्या ताब्यात असेपर्यंत त्याची पूजा करणार नाही व करू देणार नाही. खाली सही केली. साक्षीदार म्हणून मल्लिनाथने सही केली. शेठनी कागद गल्ल्यात ठेवला.

खरी अडचण मैंदर्गीत होती. गंगव्वा शेडच्या दारात उभी राहिली.

"पूजा न करता इस्तू पाडायचा? माझ्या गाडीवर? न्हाय व्हायचं."

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी तिला सरळ सांगितलं की काल व्होल्टेज ठीक होतं, पाणी माझ्या नारळाचं होतं. तिने मला नीट ऐकून घेतलं.

"आदी का न्हाय सांगितलं? मी कालपास्नं लाइनीला शिव्या देतेय."

"चुकलं माझं."

तिने नवऱ्याकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं, कागदात काय लिहिलंय ते पुन्हा एकदा विचारून घेतलं. मग म्हणाली, "मशीनची पूजा न्हाय करायची ना? गाडीची करू. भोक गाडीला पडलंय, मशीनला काय झालंय?"

मी दिलेल्या कागदात हे बसत होतं. गंगव्वाने मशीनवर स्वतःच्या हाताने प्लास्टिकचा कागद टाकला, व्हॅनच्या पुढच्या चाकापाशी दगड ठेवला आणि नारळ फोडला. त्याआधी मला म्हणाली, "सर, तुमी तितं चिंचेखाली उभा ऱ्हावा." मी जाऊन उभा राहिलो.

मग काम सुरू झालं. बॅटरीची वायर काढली, मॅट आणि सीट बाहेर काढली. गंजलेला पत्रा कापत गेलो. गॅरेजवाल्याने इथेच चूक केली होती. त्याने गंजावरच ठिगळ जोडलं होतं. कुजक्या कापडाला टाका घातला तर टाका राहतो आणि कापड फाटतं. चांगला पत्रा लागेपर्यंत कापलं तेव्हा दोन भोकांची मिळून एक परात मावेल एवढी जागा झाली. गंगव्वा बघून आत गेली.

मल्लिनाथने पहिल्या तीन टाक्यांत तीन भोकं पाडली. मला त्याचा हात बरोबर आठवत होता.

"सलग ओढू नकोस. एक टाका घाल, थांब, पलीकडच्या टोकाला दुसरा घाल. पत्र्याला गार होऊ दे."

"तुमी वर्गात बी ह्येच सांगायचा."

"आणि तू तेव्हाही ऐकत नव्हतास."

चार मिनिटं काम, सहा मिनिटं आराम. आरामात गंगव्वा कडक भाकरी आणि चटणी आणून ठेवायची. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर त्याचे टाके एका रांगेत पडायला लागले. मी काही बोललो नाही. चांगलं काम चालू असताना बोललं की माणूस बघायला थांबतो. शुक्रवारी खालून-वरून गंज रोखणारा रंग लागला.

सोमवारी तपासणी. इन्स्पेक्टरने दिवे, ब्रेक, टायर बघितले. मग मॅट उचलून तळावर टाच आपटली. दोनदा. मल्लिनाथने डोळे मिटून घेतले होते.

"पत्रा कुठल्या गॅरेजला टाकला?"

"घरी, साहेब."

इन्स्पेक्टरने वाकून खालून बघितलं, कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढच्या गाडीकडे गेला. गाडी पास झाली होती. भाकरी दुसऱ्या दिवशी अक्कलकोटला वेळेवर पोचली.

आजही लोक विचारतात की घरच्या गाडीसाठी कुठलं मशीन घेऊ. मी तीन प्रश्न विचारतो. घरी फेज किती? पत्रा किती जाड? मागच्या पाटीवर मिनिटं किती? मग चौथा विचारतो, नारळ कुठे फोडणार? लोक हसतात. मी त्यांचं हसून होईपर्यंत थांबतो.

गेल्या खंडेनवमीला मल्लिनाथने मला मुद्दाम बोलावून घेतलं. दुरुस्त झालेलं मशीन शेडच्या कोपऱ्यात होतं, हार घातलेलं. त्यापासून चार हात अलीकडे फरशीवर पिवळ्या ऑइलपेंटची जाड रेघ मारली होती आणि तिच्यापुढे लिहिलं होतं: नारळ ह्याच्या अलीकडं.

"माझं नाव टाकलं नाहीस ते बरं केलंस," मी म्हणालो.

"गरज न्हाय सर," तो म्हणाला. "समद्या गावाला ठावं हाय."