खंडेनवमीचा फ्रीजर

रसिका रोज सकाळी मोहन्याहून सासऱ्यांबरोबर कंपनीच्या गाडीत बसायची आणि संध्याकाळी त्यांच्याबरोबरच उतरायची. घरात अण्णा, गाडीत अण्णा, कोलशेतच्या कंपनीतही अण्णाच. नवरा साईनाथ गुजरातेत दहेजला नोकरीला. दोन-तीन महिन्यांनी यायचा, दोन दिवस झोपून काढायचा आणि निघताना म्हणायचा, "अण्णांना सांभाळ गं." कोण कोणाला सांभाळतंय, हे त्याने कधी विचारलं नाही.

मोहन्याचा रेयॉनचा कारखाना बंद पडला, तेव्हा सहदेवअण्णांचं वय दुसरीकडे चिकटण्याचं राहिलं नव्हतं आणि घरी बसण्याचंही झालं नव्हतं. कुठे वॉचमन, कुठे हमाली, असं करत शेवटी कोलशेतच्या या लहानशा कंपनीत स्टोअरच्या किल्ल्या त्यांच्या हाती आल्या. जुडगा कमरेला लागला आणि माणूस पुन्हा ताठ चालू लागला. रात्री जुडगा घराच्या दाराजवळच्या खिळ्याला अडकवला जायचा. घरात कोणी त्याला हात लावत नसे. रसिकाला प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लावलं तेही त्यांनीच. "माझी सून आहे. काम स्वच्छ करते," एवढीच शिफारस. ती मात्र रसिकाला दर आठवड्याला ऐकायला लागे.

कंपनी फ्युएल सेलची मेंब्रेन बनवत असे. मेंब्रेन म्हणजे सायीसारखा पातळ प्लास्टिकचा पापुद्रा. त्याच्या एका बाजूला हायड्रोजन, दुसऱ्या बाजूला हवा. पापुद्रा शाबूत तोवर वीज मिळणार, फाटला की सेल संपला. स्वस्तातली साधी फिल्म बाहेर पाठवायची, तिच्यावर किरणांचा मारा करून आणायची आणि मग रसायनात मुरवून तिचं मेंब्रेन करायचं, हे प्रयोगशाळेतल्या कादंबरीचं काम. ही कल्याणची मुलगी गेली काही वर्षं त्याच एका कामामागे लागली होती.

तिनेच एकदा रसिकाला समजावलं होतं. "ताई, किरणांनी प्लास्टिकच्या साखळ्यांना मोकळी टोकं फुटतात. तिथे आपण नवं काहीतरी जोडतो. पण जोडेपर्यंत फिल्म डीप फ्रीजरमध्येच हवी. बाहेर राहिली तर ती टोकं हवेतला ऑक्सिजन धरतात आणि साखळ्या तुटत जातात. वरून बघाल तर फिल्म अगदी नव्यासारखी!"

खंडेनवमीला कंपनीतल्या सगळ्या यंत्रांची पूजा अण्णा करत. रेयॉनच्या दिवसांपासूनची सवय. पंप, वजनकाटा, झेरॉक्सचं मशीन, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूची माळ. दुपारी कादंबरी घरी गेल्यावर ते फ्रीजरपाशी आले आणि त्यांनी प्लग काढला.

"अण्णा, आत फिल्म आहेत. किरणं मारून आलेल्या."

"असू देत की. बाराही महिने घुंघुं करत असतो बिचारा. आजच्या दिवशी हत्याराला विसावा देतात, माहीत नाही तुला?"

"पण कादंबरी म्हणाली होती..."

"ती शिकलेली आहे गं. तू कशाला तिची री ओढतेस? फडकं आण."

रसिकाने फडकं आणलं. फिल्मची पाकिटं बाहेर काढून टेबलावर रचली. अण्णांनी फ्रीजर आतून पुसला, दार वाळायला उघडं ठेवलं, माळ घातली. दसऱ्याची सुट्टी संपवून सगळे परतले तेव्हा अण्णांनी सर्वांच्या आधी कुलूप काढून पाकिटं जागेवर ठेवली होती, आणि कादंबरीने दार उघडलं तेव्हा आत छान गारवा होता.

पुढे त्या फिल्मची मेंब्रेन झाली, सेलमध्ये बसली, आणि एकामागून एक फाटत गेली. आधीच्या खेपेची महिनोन्‌महिने टिकली होती. ही काही दिवसांतच चिरायची. कादंबरी फाटलेला तुकडा उजेडात धरून बघत बसे. रसिका समोर बसून काचेची भांडी विसळी आणि नळ जरा जास्तच मोठा सोडी. बोललं तर अण्णांच्या कमरेचा जुडगा जाणार. न बोललं तर ही मुलगी जाणार. आणि रात्री ताट वाढायचं ते अण्णांनाच.

मग एका सकाळी कशेळीच्या पुलावर गाडी अडकली. पुढे टँकर, मागे टँकर, खाली खाडी. ड्रायव्हर दिपेशने इंजिन बंद केलं.

"उतरा मंडळी. इथेच चूल मांडू आता."

पुढच्या सीटवर अण्णा हसले. मागे रसिकाशेजारी बसलेली कादंबरी हसली नाही.

"लवकर पोचून तरी काय करू? आज सरांना सांगणार आहे, बंद करा हे काम. किरणं मारणाऱ्यांनी डोस जास्त दिला असेल, नाहीतर ही पद्धतच टिकाऊ नसेल. मला कळत नाही आता."

"अगं पोरी, मशीन आहे," अण्णा मान न वळवता म्हणाले. "कधी चालतं, कधी नाही."

"मशीन चालतंय हो काका. माझंच चालत नाहीये."

रसिकाने काच खाली केली. डिझेलचा धूर आत आला. तिने काच वर केली. उतरून जायला जागा नव्हती.

"कादंबरी," ती म्हणाली, "खंडेनवमीला फ्रीजर बंद होता. दसरा उलटेपर्यंत."

दिपेशने आरशातून पाहिलं.

"कोणी बंद केला?" कादंबरीने विचारलं.

रसिकाने पुढच्या सीटकडे पाहिलं. पुढची पाठ हलली नाही.

"किल्ल्या कोणाकडे असतात?" अण्णा म्हणाले. "मग दुसरं कोण करणार?"

"आणि फिल्म? बाहेर? ऑक्टोबरच्या उकाड्यात?" कादंबरी जवळजवळ ओरडलीच. "म्हणजे डोस बरोबर होता, ताई! पद्धतही चांगली होती!" मग तिचं लक्ष अण्णांच्या पाठीकडे गेलं.

"माझं नाव घेऊन सांग सरांना," अण्णा म्हणाले. "पूजा केली. चोरी नाही केली."

कंपनीचे मालक महेंद्र सर ओरडले नाहीत. कादंबरीला त्यांनी नव्या फिल्म मागवायची परवानगी दिली आणि अण्णांना म्हणाले, "काका, आता आराम करा." जुडगा टेबलावर राहिला. त्यातली फ्रीजरची किल्ली सरांनी रसिकाच्या हातात दिली. तिला नाही म्हणता आलं नाही.

तेव्हापासून अण्णा घरी. चहा मागायचा तो भिंतीकडे बघून, मीठ कमी असेल तर ते टीव्हीला सांगून. साईनाथ फोनवर म्हणाला, "तुला गप्प बसता आलं नाही?" गप्पच तर बसले होते इतके दिवस, असं ती म्हणाली नाही. किल्ली ती पर्सच्या आतल्या कप्प्यात, रुमालात गुंडाळून आणायची. भिंतीवरचा खिळा रिकामाच होता.

नव्या फिल्म आल्या, मेंब्रेन झाली, सेलमध्ये बसली. त्यानंतर एका सकाळी निघताना तिने पर्समध्ये हात घातला तर रुमाल होता, किल्ली नव्हती. तिने पर्स उलटी केली, गादी झटकली. घामाने चिंब होऊन वळली, तर किल्ली खिळ्याला टांगलेली. घासूनपुसून लख्ख केलेली.

अण्णा पेपर वाचत होते.

"चालू आहे का तो?" त्यांनी पेपरमधूनच विचारलं.

"फ्रीजर? हो."

"आणि ते... त्या पोरीचं?"

"अजून फाटलं नाही."

अण्णांनी पान उलटलं. "मग उभी काय राहिलीस? दिपेश हॉर्न मारतोय."