चाकूरच्या विहिरीतली चवली

लातूरला रेल्वेने पाणी येत होतं, त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. भीमराव काकांचा फोन आला, "आमच्या गावची विहीर तळाला लागली. गाळ काढून राहिलेत. जुने पैसे निघालेत लई. येतीस का बघायला?" काका माझ्या वडिलांचे मित्र. मला जुनी नाणी जमवायचा नाद आहे, हे त्यांना माहीत. शनिवारी पहाटेच नांदेडहून निघाले.

लातूरची एसटी लोहा, अहमदपूर करत जाते. चाकूरपर्यंत साडेतीन तास धरा. अहमदपूरला चहा-भजी मिळतात, पण त्या दिवसांत हॉटेलवाला पाण्याचा ग्लास मागितल्याशिवाय देत नव्हता. पाण्याची बाटली घरूनच घ्या. चाकूरहून गावापर्यंत वडाप जीप, वीस रुपये. दोन्ही बाजूंना काळी रानं, भेगा पायाचा पंजा जाईल एवढ्या.

काका फाट्यावर उभे होते. वय अठ्ठ्याहत्तर, पांढरा शर्ट, काखेत छत्री. लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा ते उस्मानाबादहून नव्या कलेक्टर कचेरीत बदलून आले आणि तिथूनच निवृत्त झाले.

विहीर गावातल्या माधवरावांच्या शेतात. क्रेनच्या बादलीतून गाळ वर येत होता, बाया तो पाटीत भरून टाकत होत्या. कडेला पोत्यावर नाणी मांडलेली. पाण्याला वाहिलेला पैसा वर्षानुवर्षं खाली साचलेला. वरच्या गाळात स्टीलचे रुपये, त्याखाली दहा पैशांची हलकी नाणी, मग भोकाचा तांब्याचा पैसा, आणि अगदी तळाला निजामाचा हाली रुपया. मी तो चिंचेने घासला. हळूहळू चारमिनार वर आला. पन्नास फूट खाली एवढी राज्यं एकावर एक निजली होती!

"ताई, लाख येतेत म्हणं याचे. मोबाईलवर दावलंय," माधवराव म्हणाले.

मी खरं ते सांगितलं. हाली रुपयात नऊ ग्रॅमच्या आसपास चांदी. आजच्या भावानं साडेतीनशे. हौशी माणूस थोडे जास्त देईल. तांब्याच्या पैशाला वीस-तीस. माधवरावांचा चेहरा उतरला.

गाळ भरणारी एक बाई पुढे आली. तिने नखाएवढं एक पांढरं नाणं उचललं. "आन् याचे?"

"ही चवली. दोन आणे. चांदी चाळीस-पंचेचाळीस रुपयांची."

"पर तवा काय यायचं याच्यात?"

काका बोलले. "घरच्यांची एका दिवसाची जवारी. माझ्या मायची रोजाची हजेरी होती ती. तवाबी असाच दुष्काळ. ही विहीर खोल करायला ती दिवसभर खाली दगड फोडायची. मी वर बसून ऱ्हायचो." त्यांनी छत्रीनं विहिरीकडे दाखवलं. "पाणी लागलं. नारळ फुटला, लोकांनी वरून पैसे टाकले. दुसऱ्या दिवसापासून आम्हाला या विहिरीला शिवायची बंदी. कुणी वरून वाढलं तर प्यायचं."

विहीर माधवरावांच्या आजोबांनी बांधलेली. माधवरावांनी हात करून क्रेन थांबवली. मग म्हणाले, "काका, उतरता का खाली?"

मी नको म्हणत होते. काका चपला काढून बादलीत बसलेसुद्धा. माधवराव स्वतः सोबत उतरले, एक हात काकांच्या पाठीशी. मी काठावर पालथी पडून बघत होते. खाली काकांनी खडकावरून हात फिरवला. छिन्नीचे घाव तिथे तसेच होते, रांगेने, आडवे. त्यांनी प्रत्येक घावात बोट घालून पाहिलं. वर आले तेव्हा तळहात काळे होते आणि ते बराच वेळ धुवायला तयार नव्हते.

माधवरावांनी चवली पुढे केली. काका म्हणाले, "न्हाई. जुनं धन तहसीलला कळवावं लागतंय. पंचनामा करा, समदी नाणी लिवून घ्या." सोमवारी दोघे मिळून चाकूरला गेले.

मी रविवारीच परतले. कुणी चाकूरकडे निघालंच तर उन्हाळ्यात जा, तळ दिसतो. चवलीची किंमत मला कुणी विचारली की अजूनही मी आधी चांदीचा भाव सांगते आणि सांगतानाच तो अपुरा वाटतो. नखाएवढ्या त्या नाण्यासाठी एक बाई दिवसभर काळा खडक फोडत होती, आणि तिचे घाव तिच्यामागे एवढी वर्षं टिकले.

दहा-बारा दिवसांनी काकांचा फोन आला. विहीर आणखी चार हात खोल नेली, झरा लागला. माधवराव पहाटेच दारात येऊन उभे राहिले होते. पहिली घागर काकांनीच ओढायची म्हणून.

"ओढलीत?" मी विचारलं.

"ओढली की."

"पाणी कसंय?"

"गढूळ हाय लई," काका म्हणाले. "पिलो मी."