निजापूरचं पंचांग

आमच्या भागात सणांना तोटा नाही. घराच्या एका भिंतीवर मराठी कॅलेंडर, दुसरीवर आदिलाबादच्या कापड दुकानातून मिळालेलं तेलुगू. पाडवा आणि उगादी एकाच दिवशी येतात, तेवढाच एक स्वयंपाक वाचतो. बाकी पोळा सरला की गणपती, गणपती उठले की बतुकम्माची फुलं, फुलं सुकायच्या आत दसरा. दोन्ही भिंतींवरचे लाल आकडे पाहून परक्या माणसाला वाटेल, हे लोक काम करतात तरी कधी?

याचं उत्तर तामसीकडून आदिलाबादला जाणाऱ्या सकाळच्या बसमध्ये उभं असतं. नाव शकुबाई.

शकुबाई मळ्यातली भाजी विकते. वांगी, भेंडी, अंबाडी, आणि सगळ्यांच्या वर सांबार. कोथिंबिरीला आम्ही सांबार म्हणतो, आणि जगातली निम्मी माणसं तो फुकट मागायलाच जन्माला आलीत असं शकुबाईचं मत आहे. टोपलं बसच्या पायरीवर टेकवायचं, ढकलत ढकलत आत न्यायचं, मग वरची दांडी धरून डोळे मिटायचे. उभ्यानं झोपण्यात घोड्यानंतर तिचाच नंबर.

तर एके दिवशी बस नेहमीसारखी भरली होती. कंडक्टरबाई "मुंदुकु जरगंडम्मा" म्हणून सगळ्यांना पुढे सरकवत होत्या, आणि पुढे सरकायला फक्त ड्रायव्हर उरला होता. रेणुकाबाई, शकुबाईच्या घरासमोरच राहणारी आणि बाजारात केळी विकणारी, खिडकीजवळ बसून म्हणाली, "काऊन वो शकुबाई, आज वार कोणता?"

शकुबाईनं डोळे उघडले नाहीत. "तुमच्याकडं मंगळवार. आमच्याकडं पडवार."

"तुमच्याकडं म्हंजे कुठं?"

"निजापूरले."

"हे कोणतं गाव? बेज्जूरकडं हाय काय?"

"त्याच्याही पल्याड. बस जात नाई तिकडं. म्हून तं चांगलं हाय."

त्या दिवसापासून आमच्या बसला निजापूरचं पंचांग लागलं. शकुबाई रोज थोडं थोडं सांगायची, डोळे मिटूनच. तिथं आठवड्याला आठ वार. आठवा पडवार. त्या दिवशी नुसतं पडून राहायचं. कोणी उठलाच तर त्याला पंच बोलावून परत झोपवतात. ऋतू तीन: टेकता, पडता आणि लोळता. सणसुद्धा आपल्यासारखे नाहीत. एक अमावस्या अशी, की त्या दिवशी सांबार फुकट मागणाऱ्याची जीभ काळी पडते. एक झाडूची संक्रांत, तेव्हा घरोघरचे झाडू उन्हात टेकवून ठेवतात आणि कचऱ्याला कोणी काही म्हणत नाही. आणि सगळ्यात मोठी पौर्णिमा म्हणजे बाईला कोणी हाक न मारायची. हाक मारलीच तर मारणाऱ्याने स्वतः उठून ते काम करायचं.

"मंग तं तिथले माणसं मुकेच असतीन," रेणुकाबाई म्हणाली.

सुधाकरराव गुरुजी आदिलाबादच्या वाचनालयात पेपर वाचायला याच बसने जातात. रिटायर झाले तरी चुकीचं काही ऐकलं की त्यांचा हात खडू शोधतो. ते म्हणाले, "शकुबाई, वारांची नावं ग्रहांवरून पडलीत. आठव्या वारासाठी ग्रह कुठून आणणार?"

"ग्रह काऊन पाह्यजे, गुरुजी? खाट पाह्यजे."

गुरुजींनी पेपर नसताना पेपर उघडल्यासारखं तोंड केलं.

निजापूरला युगंही आहेत. पहिलं चालतं युग: तेव्हा शकुबाई सासूच्या मागे डोक्यावर टोपलं घेऊन पायी बाजाराला जायची. दुसरं बसतं युग: तिकीट काढायचं आणि सीटवर बसायचं. मग सरकारनं बायकांना बस फुकट केली, सगळ्या बायका बाहेर पडल्या, आणि उभं युग सुरू झालं. "वाईट नाई झालं, बाप्पा," शकुबाई म्हणायची. "सुनासुद्धा माहेरी जाऊन येऊन राह्यल्या. फक्त माह्ये पाय कोणी इचारले नाई." या युगानंतर निजतं युग येणार आहे. कधी, ते निजापूरच्या भटजींना माहीत. पण ते झोपले आहेत.

वयाचा प्रश्न गुरुजींनीच काढला. आधार कार्डावर आमच्या अर्ध्या गावाचा जन्म एक जानेवारीचा आहे, त्यामुळे वयाचा विषय निघाला की सगळे हसतात. शकुबाई हसली नाही.

"आमच्याकडं वय पडवारावर मोजतात. जितके दिवस माणूस आराम करते तितकेच धरतात. बाकीचे धरत नाई."

"मग तुमचं वय काय भरलं?"

"मी अजून जल्मलेच नाई."

"वा वो!" रेणुकाबाई म्हणाली. "अन बाळंतपणात पडली होतीस ते?"

"ते माह्यं पडणं नोहे. तवा दुसरंच कोणी जल्मत होतं."

बस हसली. मग खड्डा आला, आणि दांडी धरताना शकुबाईच्या तोंडून 'आई' निघालं. तेवढं मात्र निजापूरचं नव्हतं.

डोक्यावरचं टोपलं धरून धरून तिचा उजवा खांदा आखडला होता. हात कानाच्या वर जात नव्हता. वेणी सून घालून द्यायची. आदिलाबादच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि आराम सांगितला. गोळ्या तिनं घेतल्या. आराम कोणत्या दुकानात मिळतो ते डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं.

श्रावण उतरायला लागला तसं तिनं बसमध्ये जाहीर केलं, "औंदा पोळ्याले मी पडवार पाळतो. एक दिवस. टोपलं नाई, चूल नाई."

"घरी सांगतलं काय?" रेणुकाबाईनं विचारलं.

शकुबाईनं पायानंच टोपलं सरळ केलं.

"अवं, डोमाजीले सांगतलं काय?"

"काय सांगू? निजापूरची सुट्टी हाय म्हणू? पोळ्याले भाजी लागते लोकाईले. घरी पुरण लागते. कोणी मले नाई म्हणत नाई वो रेणुका. कोणी इचारतच नाई, तं नाई काय म्हणतीन?"

खरं सांगायचं तर डोमाजी वाईट माणूस नाही. शकुबाईचा हा नवरा कमी बोलतो, आणि जे बोलतो ते जन्मभर बैलांशी. बायकोला "वो लखनची माय" एवढीच हाक. बैलांना मात्र अहो-जाहो. खांदशेकणीला, म्हणजे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी, तो बैलांचे खांदे ऊन पाण्यानं शेकायचा, पळसाच्या पानानं लोणी-हळद लावायचा आणि वाकून म्हणायचा, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." असं आवतन दिलेल्या खांद्यावर दुसऱ्या दिवशी जू ठेवत नाहीत. आमच्याकडे चोरही ठेवणार नाही.

पण औंदा गोठ्यात बैलच नव्हते. जोडी म्हातारी झाली होती, नांगरणी ट्रॅक्टरवर गेली होती. लखननं, म्हणजे मुलानं, उन्हाळ्यात बैल देऊन टाकले. तेव्हापासून डोमाजी आणखी कमी बोलायचा. म्हणजे जवळजवळ खोकायचाच.

पोळ्याच्या सकाळी बसमध्ये शकुबाई नव्हती. तिचं टोपलंही नव्हतं. दांडीवर तिची जागा रिकामी होती, आणि इतक्या गर्दीत तिथं कोणी हात ठेवला नाही. सगळ्यांनी रेणुकाबाईकडे पाहिलं. रेणुकाबाईला बातमी पोटात ठेवायची सवय नाही, त्यातून ही तर तिनं समोरच्या ओट्यावरून पाहिलेली.

"काल सांजच्याले बाजारातून आली. बैलाच्या खुट्याजवळ टोपलं टेकवलं अन तिथंच बसली, खुट्याले पाठ लावून. डोळे मिटले. इकडून आले डोमाजी. हातात लोणी-हळदीची वाटी, ऊन पाण्याचा गडवा, पळसाची पानं. दर सालची सवय ना, हात चुकत नाई माणसाचा. खुट्याजवळ गेले अन थांबले. बैल कुठं हाय? खुट्याले ही टेकलेली."

"मग?" कंडक्टरबाईंना मराठी अर्धंच येतं, पण त्याही तिकीट द्यायच्या थांबल्या होत्या.

"मंग काय. लय वेळ वाटीकडंच पाह्यत राह्यले. वाटलं, परत जातीन घरात. तं खाली बसले ना वो! फडकं भिजवलं, तिचा खांदा शेकला. पानानं हळद लावली. शकुबाई म्हणते, काऊन जी, काय करून राह्यले, लोकं पाह्यतीन. लोकं म्हंजे मीच होतो. डोमाजीचा हात चालूच. सगळं झालं तवा हात जोडले अन म्हणते, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. धूळ फार होती म्हणे.

"शकुबाई काय म्हणाली?"

"काय म्हणन? रडली थोडी. मंग म्हणे, पुरणाची डाळ भिजू घालाची हाय. तं डोमाजी म्हणते, बैल डाळ भिजू घालते काय?"

आणि डोमाजीनं शब्द पाळला. पोळ्याच्या पहाटे शकुबाई सवयीनं उठली, टोपलं शोधू लागली. टोपलं तो स्वतः उशाखाली घेऊन झोपला होता. मान वाकडी झाली तरी चालेल. "खांद्याले आवतन देल्लं हाय," एवढंच म्हणाला. सुनेनं, सुवर्णानं, पुरण शिजवलं आणि डोमाजीनं वाटलं. ते पुरण, रेणुकाबाईच्या म्हणण्याप्रमाणे, चावून खावं लागलं. शकुबाईला पहिलं ताट वाढलं, तेही खाटेवर. ती दोन घास खाऊन झोपली ती दिवे लागले तरी उठली नाही. मधे गावात वाजंत्री वाजली, दुसऱ्यांच्या बैलांचं तोरण तुटून पोळा फुटला. त्या घरात कोणी हाक मारली नाही.

एका दिवसानं खांदा बरा होत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी शकुबाई परत बसमध्ये होती. डोळ्यांखाली तीच काळी वर्तुळं, टोपल्यात तीच वांगी. फक्त एक दिवस जून झालेली. टोपलं तिनं आत ढकललं आणि डाव्या हातानं दांडी धरली. ब्लाउजच्या कडेला हळदीचा पिवळा डाग होता.

"काय शकुबाई," गुरुजी म्हणाले, "निजापूरच्या हिशेबानं आता वय काय तुमचं?"

"काल जल्मले, गुरुजी." तिचे डोळे मिटत आले होते. "सरका जरासे. लेकराले बसू द्या."